डबल स्टँड काढून टाकताय? थांबा जरा!

इंदूरात हे नेहमीचं झालंय. बुलेट किंवा क्लासिक घ्यायची, बाहेरचा सायलेन्सर बसवायचा, तो डबल स्टँडला अडला की स्टँडच काढून टाकायचा. वर समाधान काय, तर वजन कमी झालं! भिया, क्लासिक 350 भरते 195 किलो. त्यातले दोन-चार गेले म्हणून ती काही उडणार नाहीये.

दुसरी तक्रार, 'गाडी डबल स्टँडवर चढतच नाही.' चढत नाही कारण लोक ती दोन्ही हातांनी मागे ओढतात. डावा हात हँडलवर, उजवा सीटमागच्या ग्रॅबरेलवर. उजव्या पायाने स्टँड खाली दाबा आणि गाडी हळूच डावी-उजवी हलवून त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत का ते बघा. एकच पाय टेकला असेल तर कितीही जोर लावा, गाडी तिरकीच होणार. दोन्ही टेकले की सगळं वजन त्या उजव्या पायावर टाकून सरळ खाली उभे राहा. हाताने फक्त दिशा द्यायची. तरी जड जात असेल तर आधी मागच्या टायरची हवा बघा. हवा कमी म्हणजे गाडी खाली बसलेली, तेवढी जास्त उचलावी लागते. पंक्चर असेल तर मागचं चाक अर्ध्या-पाऊण इंचाच्या फळीवर चढवून घ्या.

आता खरा फायदा. चेन. मागचं चाक हवेत असलं की हाताने फिरवत पूर्ण चेन साफ करता येते, तेल लावता येतं. हाताने म्हणजे हातानेच, इंजिन बंद ठेवून. गाडी गिअरमध्ये टाकून चेन पुसणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, जातात. शिवाय चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी ढील बघा आणि जिथे ती सगळ्यात ताठ लागते तिथेच माप धरा. साइड स्टँडवर एकाच जागी बोट लावून चेन ताणली, तर ताठ जागा आली की बेअरिंगवर ताण येतो. एक मात्र बघा: चाक लोंबकळत असताना आणि जमिनीवर असताना ढील वेगळी येते. माप कोणत्या स्टँडवर घ्यायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेच धरा.

ऑइलचंही तसंच. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. ज्या गाड्यांची ऑइलची पातळी दाखवणारी काच उजवीकडे असते, त्यांत पातळी कमी दिसते. मग लोक वरून ऑइल ओततात, जास्तीचं एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि गाडी धूर मारते.

स्पोकच्या चाकात बहुतेकदा ट्यूब असते, म्हणजे पंक्चर काढायला चाकच उतरवावं लागतं. खंडवा रोडला भेरूघाटात मागचं चाक पंक्चर झालं तर डबल स्टँडशिवाय ते काढणार कसं? ॲक्सलचा नट मात्र चाक जमिनीवर असतानाच थोडा सैल करा. स्टँडवर चढवून पान्यावर जोर मारला तर गाडी पुढे सरकून स्टँडवरून उतरते. उतारावर तोंड नेहमी चढाकडे ठेवा. गिअर टाकून उपयोग नाही, मागचं चाक हवेत आहे! पुढचा ब्रेक रबराच्या पट्टीने आवळून बांधा.

पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत साइड स्टँड रुततो आणि सकाळी गाडी आडवी सापडते. डबल स्टँडला दोन पाय, शिवाय पुढचं चाक जमिनीवर, म्हणून ती तेवढी रुतत नाही. तरी पायांखाली फरशीचा तुकडा ठेवलेला बरा. आणि राजवाड्याच्या गर्दीत सरळ उभी गाडी जागाही कमी घेते.

डॉमिनार 400, स्पीड 400 वाल्यांना कंपनीकडून हा स्टँड मिळतच नाही. त्यांनी घरी पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड, ठेवावा. रस्त्यात तो कामाचा नाही. ज्यांच्याकडे डबल स्टँड आहे त्यांनी पावसाळा संपला की त्याची पिन काढून ग्रीस लावा, स्प्रिंगचे हुक झिजलेत का बघा. स्प्रिंग तुटली की स्टँड चालत्या गाडीखाली लोंबतो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला आपटतो.