कमाल पासष्ट

माझ्या ई-सायकलच्या दोन्ही टायरांत कुणीतरी पासष्टची हवा भरून ठेवली आहे, ही बातमी आज सकाळी पहिल्याच गतिरोधकावर माझ्या माकडहाडाने मला दिली. तशीच सायकल वळवून परत आलो, तर तळमजल्यावरचे काका पायरीवर पंप मांडीशी घेऊन बसलेले. चेहऱ्यावर परोपकाराचं तेज.

“आता कशी पळते?”

“काका, हवा तुम्ही भरलीत?”

“मग कोण भरणार? टायर दाबून बघितला तर अंगठा आत जात होता. एवढी मोटारवाली सायकल घेतलीस आणि हवेत कसली काटकसर करतोस?”

“मुद्दाम कमी ठेवली होती. पुढे ३० पीएसआय, मागे ३६.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले आणि टायरच्या कडेवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. “हे काय लिहिलंय? पासष्ट.”

“त्याच्या आधी ‘कमाल’ लिहिलंय.”

“तेच म्हणतोय मी. कमाल मिळत असताना कमी का घ्यायचं?”

“काका, लिफ्टमध्ये ‘कमाल ८ माणसे’ लिहिलेलं असतं. म्हणून आपण आणखी सात जण यायची वाट बघत उभे राहतो का?”

काकांनी यावर मनापासून विचार केला. मग म्हणाले, “लिफ्टमध्ये हवा भरत नाहीत.”

एवढ्यावर थांबते तर मी गिळून टाकलं असतं. पण परोपकाराला सुरुवात असते, शेवट नसतो. “आणि तुझा पुढचा दांडा लचकत होता,” ते म्हणाले. “वरचं निळं बटण फिरवून टाकलं. आता बघ, हलतसुद्धा नाही.” म्हणजे फोर्कचा, पुढच्या चाकाच्या धक्के खाणाऱ्या दांड्याचा, लॉकआउट लावून झाला होता; त्याची लवचीकताच बंद. “सीटपण डुलतेय हं. खालची बिजागरीच ढिली झालीय. संध्याकाळी पाना घेऊन येतो, गच्च आवळून टाकू.”

“ती डुलण्यासाठीच आहे काका. ती सस्पेन्शन सीटपोस्ट आहे, सीटखालचा धक्के खाणारा दांडा.”

“डुलायचंच होतं तर झोपाळा घ्यायचा,” काका म्हणाले, आणि उठता उठता त्यांनी सीटही अंगठ्याने दाबून बघितली. “कडक आहे. जेलची गादी टाक. नाहीतरी मोटर आहे, तुला कसला त्रास?”

या शेवटच्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही. कारण त्रास मोटरमुळेच वाढतो. साध्या सायकलवर आपण पॅडलवर जोर देतो तेव्हा शरीराचं बरंच वजन पायांवर जातं. खड्डा दिसला की बूड आपोआप उचललं जातं. मोटरने पायांचं काम हलकं केलं की ते वजन निमूटपणे सीटवर येऊन बसतं. थ्रॉटलवर, म्हणजे पॅडल न मारता नुसत्या मोटरवर चालवलं तर जवळजवळ सगळंच. वर वेग जास्त, म्हणजे तोच खड्डा जास्त जोरात लागतो. मागच्या चाकात हब मोटर असेल तर तीन-चार किलोचं लोखंड आणि तांबं चाकाबरोबर वर-खाली होतं, आणि त्याच्यामध्ये व तुमच्या मणक्यांमध्ये फक्त फ्रेम आणि सीट.

म्हणून पहिला उपाय टायर, आणि त्यातही हवा. टायरवरचा आकडा मर्यादा सांगतो, तुमचं वजन त्याला ठाऊक नसतं. सायकल आणि स्वार मिळून शंभर किलोच्या आसपास आणि टायर ५० मिमीचे असतील, तर पुढे तिशीत आणि मागे चार-सहा पीएसआय जास्त इथून सुरुवात करावी. एकेका वेळी दोन-तीन पीएसआय कमी करत जावं. वळणावर मागचं चाक लोळल्यासारखं वाटलं किंवा खड्ड्यात रिम टेकल्याचा ‘टक्’ आवाज आला, की तेवढीच परत भरावी. फार कमी केली तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिरडते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. मागच्या चाकाला मी सहा पीएसआय जास्तीचे ठेवतो ते या भीतीने. हब मोटरचं चाक काढायचं म्हणजे बॅटरी बंद करा, केबलचा टाय कापा, जोडणीवरचे बाण लक्षात ठेवून ती सरळ ओढा, टॉर्क आर्म, म्हणजे धुरा फिरू न देणारी पट्टी, सोडा, मग जाडजूड नट. परत बसवताना नीट आवळायचा राहिला तर मोटरच्या जोराने धुराच जागेवर फिरते आणि वायर पिळवटून तोडते. हे सगळं रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून.

हवा कमी केली तर बॅटरी लवकर संपेल, अशी धमकी जो तो देतो. गुळगुळीत रस्त्यावर थोडा फरक पडतो, खरं आहे. पण खडबडीत रस्त्यावर दगडासारखा टायर पुढे जाण्यातली शक्ती सायकल आणि स्वार हादरवण्यात घालवतो. पंपावरच्या काट्यावरही फार विसंबू नये. बऱ्याच पंपांचा काटा खालच्या दाबाला धड सांगत नाही. वेगळा गेज ठेवावा. आणि तो कुलपात ठेवावा, हे आजचं नवं ज्ञान.

रुंद टायर घेता आले तर घ्यावेत. फक्त आधी फ्रेम, फोर्क आणि मडगार्डपाशी दोन्ही बाजूंना किमान पाच-सहा मिमी मोकळे उरतात का ते बघावं. चाक किंचित वाकडं झालं किंवा खडा अडकला की हीच जागा कामी येते.

आता ती डुलणारी बिजागरी. सस्पेन्शन सीटपोस्ट दोन जातीच्या. एक नळीत नळी सरकणारी. ती स्वस्त, पण आपण तिच्यावर तिरके बसतो, म्हणून नळी घासते, बारीक गचके तसेच वर पोचतात आणि काही काळाने सीटचं नाक डावी-उजवीकडे वळवळू लागतं. दुसरी समांतर दांड्यांची, म्हणजे माझी. ती खाली आणि मागे जाते, खड्ड्याच्या धक्क्याची दिशाही साधारण तीच असते, म्हणून बारीकसारीक गचकेही खाते. केन क्रीकची थडबस्टर, रेडशिफ्टची शॉकस्टॉप, सनटूरची एनसीएक्स ही या जातीतली नावं. चाल, म्हणजे खाली जायची मुभा, सनटूरची ५० मिमी, रेडशिफ्टची ३५. शहरातल्या रस्त्याला दोन्ही पुरतात.

घेण्याआधी जुनी पोस्ट बाहेर काढून तिच्यावर कोरलेला व्यास वाचावा. २७.२, ३०.९, ३१.६ मिमी वगैरे असतो. पट्टीने मोजू नये. ३०.९ च्या फ्रेममध्ये ३१.६ ची पोस्ट ठोकूनही जात नाही, आणि ठोकणारे आहेत. बारीक पोस्ट मोठ्या नळीत बसवायला शिम, म्हणजे मध्ये घालायची पातळ नळी, मिळते, उलट काहीही मिळत नाही. मग नेहमीच्या उंचीवर सीटचे रूळ क्लॅम्पपासून किती वर आहेत ते मोजावं. या यंत्रणेला साधारण दहा सेंटिमीटर लागतात, काहींना जास्त. पाय आखूड असतील तर इथेच गाडी अडते. काही घडीच्या ई-सायकलींत बॅटरीच सीटपोस्टच्या पोटात असते, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

बसवल्यावर स्प्रिंग आपल्या वजनाला जुळवायची. नुसतं बसल्यावर चालीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी ती खचली पाहिजे. ५० मिमीला १० ते १२. अजिबात खचली नाही तर घेऊन उपयोग नाही, आणि अर्धी खचली तर खड्ड्यात तळाला आपटेल. प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याचा, स्क्रू पोस्टच्या बुडाशी असेल तर तो नळीच्या बाहेर डोकावता कामा नये. रबरी ठोकळ्यांच्या पोस्टना वजनाप्रमाणे वेगळे ठोकळे मिळतात. थंडीत ते कडक होतात, तेव्हा घाबरून बदलू नयेत. सीट जितकी खचते तितकी आधी वर घ्यावी आणि किंचित पुढे सरकवावी. नाहीतर गुडघे कुरकुरतात आणि शिव्या पोस्टला बसतात. मागचा दिवा किंवा सीटखालची पिशवी दांड्यांच्या मध्ये येत नाही ना, तेही बघावं.

जेलच्या गादीबद्दल मात्र माझं मन साफ नाही. आपण बसतो ते दोन हाडांवर. गादी फार मऊ असली की हाडं खाली बुडतात आणि मधला भाग वर येऊन नको तिथे दाबतो, मग मुंग्या. अंगठ्याला जे मऊ लागतं ते तासाभराने बुडाला मऊ लागेलच असं नाही. खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून, सायकलवर बसतो तसं वाकून बसावं, टाचा उचलाव्यात. उठल्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजून वाकून चालवणाऱ्याने २० मिमी, ताठ बसणाऱ्याने ३० किंवा थोडे जास्त मिळवावेत. तेवढ्या रुंदीची, बेताची कडक सीट. नाक आधी सपाट ठेवावं. वर राहिलं तर मुंग्या येतात, खाली झुकलं तर सगळा भार हातांवर.

हातांची गोष्ट थोडक्यात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळव्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबतेय. तिथे पसरट पंखाची ग्रिप लावावी. फिरवायचा थ्रॉटल ज्या बाजूला आहे तिथे आखूड ग्रिप लागते. जोडी समान लांबीची घेतली की एक कापत बसावं लागतं.

हँडल उंच करायला राइझर मिळतो, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. जाहिरातीत वॅट, टप्पा, स्क्रीन, सगळं येतं. वायरी मात्र हँडल बोटभरही वर जाणार नाही इतक्या मोजून कापलेल्या. डिस्प्ले आणि थ्रॉटलला जोडवायर मिळते, तीही पिनांची संख्या आणि रंग जुळला तर. हायड्रॉलिक ब्रेकचा पाइप ताणला जात असेल तर लांब पाइप टाकून, तेल भरून, हवा काढून ब्लीड करावं लागतं. म्हणजे १५ मिमी पाइप वाचवला कंपनीने, आणि तेलकट हात माझे. राइझर लावल्यावर आधी वरचा बोल्ट हलका आवळून बेअरिंगची ढिलाई काढायची, मग बाजूचे दोन, बहुधा ५ ते ६ न्यूटन-मीटर. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवावी. हँडलपाशी कटकट लागली तर पुन्हा पहिल्यापासून. मग हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून एकही वायर ताणत नाही ना ते बघावं. माझी डावीकडे ताणते.