शेंगदाणा तेलाचा फेस, साका आणि वजन: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई. चकल्या तळताना आमचं लाकडी घाण्याचं तेल फेसाळून कढईबाहेर आलं, तळाशी गाळ (साका) आहे आणि १ लिटरची बाटली ९१० ग्रॅमच भरली, म्हणजे तेलात भेसळ आणि मापात पाप, असं तुम्ही लिहिलंत. तापलेलं तेल शेगडीवर सांडलं तर भडका उडू शकतो, म्हणून आधी फेसाचं सांगतो.

फेस वाढायचं एक कारण तळाचा गाळ, आणि त्यात चूक आमची. घाण्याचं तेल आम्ही पिंपात ४-५ दिवस न हलवता ठेवतो, मग वरच्या तोटीने काढून कापडातून गाळतो. तुमच्या बाटलीवरच्या तारखेचं तेल दुसऱ्याच दिवशी भरलं गेलं. त्यातला साका म्हणजे पेंडीचे बारीक कण. त्यांनी फेस वाढतो, ते कढईच्या तळाला जळतात आणि तेल लवकर काळं पडतं.

पण साका नसला तरी या तेलाला थोडा फेस येतोच. शेंगदाण्यातले डिंकासारखे चिकट घटक, म्हणजे फॉस्फोलिपिड, रिफाइंड करताना काढले जातात. घाण्याच्या तेलात ते राहतात. ओली चकली सोडली की पिठातल्या पाण्याची वाफ होते. चिकटपणामुळे बुडबुडे पटकन फुटत नाहीत, थरावर थर चढतो. तेलातच पाणी आहे का, हे पाहायचं तर पळीत चमचाभर तेल मंद आचेवर तापवा. तडतडलं तर पाणी आहे. आवाज न होता फेस आला तर ते चिकट घटकच.

कढई निम्म्याहून कमी भरा, आच मध्यम ठेवा, एका वेळी ३-४ चकल्याच सोडा, धूर येईपर्यंत तापवू नका. आणि स्पष्ट सांगतो, दिवाळीच्या मोठ्या तळणाला आमचं तेल घेऊ नका. त्याला रिफाइंड शेंगदाणा तेलच बरं. आमचं फोडणीला, भाजीला, चटणीवर घ्यायला.

वजनाचं म्हणाल तर तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. १ लिटर शेंगदाणा तेल ९१० ते ९१५ ग्रॅमच भरतं, त्यामुळे माप बरोबर आहे.

भेसळीची शंका फ्रिजमध्ये गोठवून फिटत नाही, कारण पाम तेलही गोठतं. प्रयोगशाळेत आयोडीन मूल्य (तेलातल्या असंतृप्त चरबीचं माप) ८५ ते ९९ आणि बेलियर चाचणीत (प्रक्रिया केलेलं तेल थंड होताना कोणत्या तापमानाला गढूळ होतं ते पाहतात) ३९ ते ४१ अंश सेल्सिअस यायला हवं. तुमच्याच बाटलीतलं तेल तुम्ही निवडाल त्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या, खर्च आमचा.

बाटली बदलून किंवा पूर्ण पैसे परत, जे हवं ते कळवा. उघडलेली असली तरी चालेल. उरलेलं तेल तोवर वापरायचं असेल तर बाटली ४-५ दिवस हलवू नका, वरचं तेल अलगद निथळून घ्या आणि तळाचं दोन बोटं तेल टाकून द्या.