पीडीएस म्हणजे फोल्डर नव्हे

मेनफ्रेमवर, म्हणजे कंपनीच्या मोठ्या मध्यवर्ती कॉम्प्युटरवर, काम करायला नवी बॅच रुजू झाली की चार दिवसांत तो मेसेज फिरायला लागतोच. “मेनफ्रेमला घाबरू नका. डेटासेट म्हणजे फाइल, पीडीएस म्हणजे फोल्डर, नावातली टिंबं म्हणजे पाथ. जागा आधी मागून ठेवणं हा पंचकार्डांच्या जमान्यातला सोपस्कार. एवढं कळलं की झालं!” हेतू चांगला आहे, आणि पहिल्या दिवशी पोरांना धीर येतो हेही खरं. तो धीर पुढच्या आठवड्यात मला निस्तरावा लागतो, म्हणून हे लिहितोय.

“डेटासेट म्हणजे फाइल.” लॅपटॉपवरची फाइल म्हणजे बाइट्सची सलग रांग, ओळ कुठे संपते ते त्या रांगेतच एका खुणेने लिहिलेलं असतं. झेड/ओएसवरचा, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा, डेटासेट आधी आखलेल्या वहीसारखा. रेकॉर्ड ८० लांबीचं ठरवलंत की प्रत्येक रेकॉर्ड ८० बाइट्सचंच, कमी लिहिलंत तर पुढे स्पेस भरायच्या, आणि ओळ संपल्याची खूण नाहीच. (८० हा आकडा मात्र खरोखर पंचकार्डांचा, तेवढं मेसेजवाल्याचं बरोबर.) फरक कळतो तो डेटासेट बाहेर नेताना. रक्कम बहुतेकदा पॅक्ड डेसिमलमध्ये, म्हणजे एका बाइटात दोन आकडे कोंबून, ठेवलेली असते: +१२३४५ ही रक्कम तीन बाइट्सांत बसते, १२ ३४ ५सी. शेवटचा सी म्हणजे अधिक चिन्ह. आता कुणी “फाइलच तर आहे” म्हणून एफटीपीने टेक्स्ट मोडमध्ये ओढली, की एब्सिडिकचं (मेनफ्रेमच्या अक्षर-कोडचं) आस्की (लॅपटॉपचा अक्षर-कोड) होतं. एब्सिडिकमध्ये ५सी म्हणजे फुली (*), आस्कीत फुलीचा कोड २ए. झालं, सीही गेला आणि पाचही गेला. नावं मात्र स्वच्छ दिसतात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ताच लागत नाही.

“पीडीएस म्हणजे फोल्डर.” हे सगळ्यात महागात पडतं. पीडीएस म्हणजे पार्टिशन्ड डेटासेट, मेंबर नावाचे तुकडे पोटात ठेवणारी लायब्ररी. तिच्या पोटात दुसरी पीडीएस जात नाही. आतल्या सगळ्या मेंबरना एकच रेकॉर्ड फॉरमॅट, नाव जास्तीत जास्त ८ अक्षरांचं. डिरेक्टरीची जागासुद्धा बनवतानाच ठरते. ती भरली की डिस्कवर मोकळं रान असलं तरी नवा मेंबर शिरत नाही. मेंबर सेव्ह केला की नवी प्रत शेवटी लिहिली जाते आणि जुनीची जागा तशीच अडून राहते. दिवसभर सेव्ह-सेव्ह करणाऱ्याला कधीतरी ई-थर्टीसेव्हन, म्हणजे ‘जागा संपली’चा एरर, भेटतोच. मग कॉम्प्रेस मारून ती अडलेली जागा मोकळी करा. पीडीएसची सुधारित आवृत्ती पीडीएसई आल्यावर हे दुखणं बरंचसं गेलं, हे मान्य.

पण एक सापळा आहे तसाच आहे. पूर्वी एका ठिकाणी आमच्यातल्या एकाने जेसीएलमध्ये (जॉब चालवायच्या सूचनांमध्ये) पीडीएसचं नाव, कंसात मेंबर आणि डिस्पमध्ये, म्हणजे डेटासेटचं काय करायचं त्या रकान्यात, डिलीट असं लिहिलं. त्याला एक मेंबर उडवायचा होता. डिस्प मेंबर ओळखत नाही, तो अख्ख्या डेटासेटला लागू होतो. लायब्ररीच गेली! रात्रीच्या बॅकअपने वाचवलं. त्याच्या डोक्यात फोल्डर होतं, दुसरं काही नाही.

टिंबांचं थोडक्यात. प्रॉड.पेरोल.मे या नावात ‘प्रॉड.पेरोल’ नावाची जागा कुठेच नसते. पूर्ण नाव ४४ अक्षरांपर्यंत, प्रत्येक तुकडा ८ पर्यंत, आणि ते कुठल्या व्हॉल्यूमवर, म्हणजे कुठल्या डिस्कवर, आहे हे कॅटलॉग सांगतो. शेजारशेजारची दोन नावं वेगवेगळ्या डिस्कवर असू शकतात. रॅकफ या सुरक्षा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे परवानगीचे नियम मात्र याच तुकड्यांवर बेतलेले असतात, तेव्हा नाव मनाला येईल तसं ठेवू नका.

राहिला जागा आधी मागायचा “सोपस्कार”. डिस्कवरची जागा ट्रॅकमध्ये मोजतात, आणि १५ ट्रॅकचा एक सिलिंडर. १० सिलिंडर प्रायमरी (सुरुवातीला मिळणारी जागा), ५ सेकंडरी (कमी पडली की दर वेळी मिळणारी) मागितलेत, तर साध्या सीक्वेन्शियल डेटासेटला एका व्हॉल्यूमवर १६ तुकड्यांची मर्यादा असते. म्हणजे १० अधिक १५ वेळा ५, एकूण ८५. ३३९० डिस्कवर ८० लांबीची रेकॉर्ड २७,९२० च्या ब्लॉकमध्ये ठेवली तर ट्रॅकला ६९८ बसतात, सिलिंडरला १०,४७०. म्हणजे ८५ सिलिंडरमध्ये जवळपास ८ लाख ९० हजार. त्यापुढे बी-थर्टीसेव्हन. सेकंडरी मागितलीच नसेल तर डी-थर्टीसेव्हन. अशी रेकॉर्ड एकत्र बांधून ब्लॉकिंगच केलं नाहीत तर त्याच ट्रॅकवर शंभरही मावत नाहीत. हा हिशोब जुनाट वाटतो खरा, पण रात्री एकाच डिस्कवर शेकडो जॉब चालतात. त्यातला एक प्रोग्रॅम लूपमध्ये अडकून भसाभस लिहीत सुटला, तर तो आपल्या मापातच मरतो. शेजाऱ्याची पगारयादी थांबत नाही. मला तर हा शहाणपणा वाटतो.

यावर एक हुशार पोरगी म्हणालीच, “पण सर, झेड/ओएसवर युनिक्सची बाजू आहे ना? तिथे खरेखुरे फोल्डर असतात, स्लॅशसकट.” असतात की. फक्त ते फोल्डर सांभाळणारी फाइल सिस्टिम, झेडएफएस, कशात ठेवलेली असते ते तिला शोधायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी हसतच आली: व्हीसॅम या डेटासेटच्याच एका प्रकारातल्या लिनिअर डेटासेटमध्ये.