आण्णांची माती

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन काल 40 दिवस झाले. इतके दिवस लिहायला हात उचलत नव्हता. पण गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचे सासरे वारले आणि रात्री दीडला तिचा फोन आला, "तुमच्यात कसं केलं होतं गं? आम्हाला काही सुचेना झालंय." तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

आमच्या कोल्हापूरकडं माणूस गेला की पहिला प्रश्न येतो, "माती किती वाजता?" माती म्हणजे अंत्यविधी. मग सगळी घाईच. पाव्हण्यांना निरोप, लांबून येणाऱ्यांची वाट बघायची की नाही, हार कोण आणणार. चार-पाच तासांत सगळं उरकतं आणि ते उरकणारी माणसं बहुतेक वेळा भावकीतली किंवा गल्लीतली असतात. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. बांबू, सुतळी, मडकं, यातलं काहीही आम्हाला आठवलं नव्हतं, गल्लीतल्या पोरांनी अर्ध्या तासात दारात आणून ठेवलं. पण जिनं त्या माणसाबरोबर 43 वर्षं संसार केला, तिला त्या दिवशी कुणी काही विचारत नाही. तिच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, जोडवी काढतात आणि तिरडी उचलली की तिला दारातच धरून बसवतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी तिला विचारा. बाकीचं सगळं त्यानंतर.

आमच्याकडं हे विचारणं आण्णांनीच सुरू करून ठेवलं होतं. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. आईचं माहेर त्याच भागातलं. आण्णांनी ती बातमी सकाळच्या चहाला मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, "माझ्या वेळी तुझ्या बांगड्यांना कुणाला हात लावू द्यायचा नाही." आई तडकून म्हणाली, "गप बसा, सकाळी सकाळी काय बी बोलताय." विषय तिथंच संपला. पण आम्ही दोघी बहिणींनी ते ऐकलं होतं आणि आईनंही मनात ठेवलं होतं.

आण्णा पहाटे सव्वाचारला गेले, घरीच, झोपेत. धाकटीनं आधी नेत्रपेढीला फोन लावला. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून त्यांचे डोळे चालणार नाहीत असं आम्हाला वाटत होतं. चालतात. चष्मा असला, वय झालं असलं तरी चालतात. माणसं घरी आली, अर्ध्या तासाच्या आत त्यांचं काम झालं आणि आण्णांचा चेहरा होता तसाच राहिला. आईनं त्यांना चहा करून दिला. ते नको म्हणत होते, पण तिला तेवढं तरी करायचं होतं.

मग आंघोळ. चुलते आणि चुलतभाऊ तांब्यानं पाणी घालत होते, तेही घाईत. आई उठून पुढं आली. "थांबा, हात मी धुते." आण्णा 31 वर्षं एसटीत मेकॅनिक होते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी शेजारपाजारच्या गाड्या दुरुस्त करणं सुटलं नव्हतं, त्यामुळं नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ कायमची. आईनं कापसाला खोबरेल तेल लावून एकेक नख पुसलं. अंगण भरून माणसं उभी होती, पण कुणी आवाज केला नाही. उजव्या अंगठ्याची रेघ काही निघेना. तिनं दोनदा घासलं, मग कापूस खाली ठेवला. "राहू दे. त्यांचंच आहे ते."

त्यानंतर एक म्हाताऱ्या बाई पुढं झाल्या, आमच्या लांबच्या नात्यातल्या. हातात छोटा दगड होता. आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "त्यांनी सांगून ठेवलंय. नको." एवढंच. आत्ती रडत म्हणाली, "वहिनी, माझ्या भावाला गती मिळायची नाही." आत्तीचा मला राग आला नाही. ती भावासाठीच बोलत होती. आईनं तिला जवळ घेतलं, पण हात काही बाहेर काढले नाहीत.

तिटवं, म्हणजे अंत्ययात्रेच्या पुढं न्यायचं विस्तवाचं मडकं, मी धरलं. त्यावरही बोलणं झालंच. चुलते म्हणाले, "आपल्यात बाईमाणूस पुढं जात नाही." मला वाद घालायचा नव्हता, पण तोंडातून निघून गेलं, "काका, सावित्रीबाई गेल्या होत्या." 28 नोव्हेंबर 1890 ला पुण्यात जोतीराव गेले, दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी अडवलं, तेव्हा सावित्रीबाई स्वतः तिटवं धरून अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या. चुलते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनीच शिंकाळ्याची दोरी माझ्या हाताला नीट बसते का ते बघितलं. हे मला जन्मभर आठवेल.

आणि आई चालत आली. आमच्या घरापासून पंचगंगेची स्मशानभूमी चालत वीस मिनिटांवर आहे. इथं शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर दहन होतं, महापालिका त्याचे पैसे घेत नाही आणि होळीच्या वेळी लोक शेणी दान करतात. लाकडाच्या एका चितेला तीनशे-चारशे किलो लाकूड लागतं, त्यामुळं आमच्या गावाची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. आण्णा दरवर्षी शंभर शेणी देऊन यायचे. आईनं चितेवर एक शेणी स्वतःच्या हातानं ठेवली, पायाशी.

बायकांना तिथं बघवत नाही म्हणतात. आईला बघवलं. ती एकदाच रडली, अग्नी दिल्यावर. नंतर मला म्हणाली, "बरं झालं आले. नाहीतर कायम वाटत राहिलं असतं, ते दारातनं गेले आणि कुठं गेले कुणास ठाऊक."

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आमच्या भागात या दिवशी श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि बऱ्याचदा माईक अशा माणसाच्या हातात जातो ज्याची आणि गेलेल्याची गाठही पडलेली नसते. मला हे मनापासून खटकतं. आम्ही हात जोडून सांगितलं, तिघंच बोलतील. वर्कशॉपमधले त्यांचे हेल्पर बोलले. गगनबावड्याजवळ भर पावसात बंद पडलेल्या गाडीखाली आण्णा तीन तास पडून होते आणि गाडी सुरू झाल्यावर आधी आतल्या बाळंतिणीला चहा मिळाला का ते त्यांनी विचारलं. ही गोष्ट आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हती. आईसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होती.

रक्षा नदीत सोडली नाही. गावाकडच्या शेतात खड्ड्यात घालून वर आंब्याचं रोप लावलं. आत्तीच्या समाधानासाठी चिमूटभर पंचगंगेत सोडली. नैवेद्यही ठेवला, आईला हवा होता. भजी होती, आण्णांना आवडायची तशी. कावळा लगेच शिवला आणि आत्तीचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा सैल झाला.

परत येताना शेजारच्या काकूंनी आईचा हात हातात घेतला. त्यांचे यजमान जाऊन 19 वर्षं झाली. त्या बराच वेळ आईच्या हिरव्या बांगड्यांकडं बघत बसल्या, मग एक बांगडी बोटानं हळूच फिरवली. बोलल्या काहीच नाहीत.

थोडं कामाचंही सांगते. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा लागतो. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करा, नंतर हेलपाटे वाढतात. दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच घ्या. बँक, विमा, पेन्शन, सात-बारावरची वारस नोंद, प्रत्येक ठिकाणी लागतात.

कोल्हापुरात कुणाला गरज पडली तर मला मेसेज करा, कितीही वाजता. आणि कुणाच्या आईला या विषयावर आमच्या आईशी बोलायचं असेल तर तेही सांगा. आई म्हणालीये, फोन लावून दे, मी बोलते.