पूर आला की वेबसाईट का बसते, आणि स्वस्तातला डेडिकेटेड सर्व्हर (अख्खं यंत्र आपल्या एकट्यासाठी) घेताना काय बघावं

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागली की अख्खं कोल्हापूर मोबाईल हातात घेऊन बसतं. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली पोरं तर दर दहा मिनिटांनी पातळी बघतात. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी आपल्याकडची कितीतरी बातम्यांची पोर्टलं उघडत नाहीत. दुसऱ्या दिवशी मालक होस्टिंगवाल्याला फोन लावून सांगतो, "रॅम डबल करा." बिल वाढतं आणि पुढच्या गर्दीत साईट परत बसते. पैसे छोट्या धंदेवाल्याच्या खिशातून जातात आणि लोकांना ज्या घटकेला माहिती हवी असते तेव्हाच ती मिळत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

आधी साईट कशामुळे बसली ते बघा. सर्व्हरचा ट्रॅफिकचा ग्राफ उघडा. रेघ वर चढत जाऊन ९५० एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) आसपास टेबलासारखी सपाट झाली असेल तर तुमचा १ जीबीपीएसचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरमधून डेटा बाहेर नेणारा नळ, भरलाय. कितीही रॅम घाला, फरक शून्य. रेघ १०० वरच लोळतेय आणि सीपीयू १०० टक्के असेल तर साईट चालवणारं वर्डप्रेस सॉफ्टवेअर प्रत्येक वाचकासाठी पान नव्यानं बनवतंय. त्याला पेज कॅशे लावा, म्हणजे एकदा बनलेलं पान साठवून सगळ्यांना तेच द्या, नवा सर्व्हर लागणार नाही.

आता पोर्टचा हिशोब. समजा मिनिटाला ६,००० वेळा पान उघडलं जातंय आणि पान ३ एमबीचं आहे. म्हणजे मिनिटाला १८,००० एमबी, सेकंदाला ३०० एमबी, म्हणजेच (एका बाइटचे आठ बिट धरून) २.४ जीबीपीएस. १ जीबीपीएसचा पोर्ट इथंच गुदमरला. तेच पान ४०० केबीवर आणलं तर ३२० एमबीपीएसमध्ये काम भागतं. फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करा, मोबाईलला १२०० पिक्सेलपेक्षा रुंद फोटो पाठवू नका, वाचक खाली सरकल्याशिवाय खालचे फोटो उतरवू नका. सर्व्हर शोधायच्या आधी एवढं करा, कारण यातून जी बचत होते ती कुठल्याच होस्टच्या ऑफरमध्ये मिळत नाही.

व्हिडिओचं गणित वेगळं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा फुटबॉल सामना लागलाय, ८०० जण लाईव्ह बघतायत. ७२०पी साधारण अडीच एमबीपीएस धरला तर २ जीबीपीएस लागतात. ४८०पी एक एमबीपीएसवर ठेवला तर ८०० एमबीपीएस. पण दोन तासांत एकूण डेटा जातो फक्त ७२० जीबी. म्हणून "महिन्याला किती टीबी मिळणार?" हा प्रश्न अर्धाच आहे. गर्दीच्या पाच मिनिटांत किती एमबीपीएस लागणार, हा आकडा कागदावर लिहा आणि मगच कोटेशन मागवा. टाकी दहा हजार लिटरची असली तरी नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली त्याच वेगानं भरते.

१ जीबीपीएसचा पोर्ट ३० दिवस पूर्ण भरून चालवला तर ३२४ टीबी जातात, १०० एमबीपीएसचा चालवला तर ३२.४ टीबी. 'अनलिमिटेड' लिहिणाऱ्याला हेच विचारा: ३२४ टीबी नेऊ देणार का? उत्तर लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी खाली बारीक अक्षरात 'फेअर यूज' (वाजवी वापरापुरतंच) असतं, किंवा पोर्ट १ जीबीपीएसचा पण शेअर्ड, आणि खात्रीचे फक्त १०० एमबीपीएस. शेअर्ड असणं गुन्हा नाही, पण मग त्याला स्वतंत्र पोर्टचा भाव देऊ नका. मर्यादा संपल्यावर काय होतं तेही विचारा. जीबीमागे जादा पैसे, वेग १० एमबीपीएसवर, की सर्व्हर थेट बंद? वेग कमी होणं परवडतं. जादा पैशांचं कलम असेल तर खर्चाची मर्यादा लावता येते का ते बघितल्याशिवाय सही करू नका.

'नाइन्टी फिफ्थ पर्सेंटाइल' नावाची बिलिंग पद्धत बघून आपल्याकडचे लोक घाबरतात. ती समजून घ्या, काहींसाठी ती फायद्याची आहे. दर पाच मिनिटांनी वापर मोजतात, महिन्यात ८,६४० मोजण्या होतात, त्यातल्या सगळ्यात वरच्या ५ टक्के, म्हणजे ४३२, सोडून देतात आणि उरलेल्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर बिल लावतात. ४३२ मोजण्या म्हणजे ३६ तास. महिन्यात दोन-दोन तासांचे पंधरा सामने दाखवले तरी ३० तास होतात, ती सगळी गर्दी बिलात धरलीच जात नाही. पूर मात्र पाच-सहा दिवस चालतो. तेव्हा ३६ तास दुसऱ्याच दिवशी संपतात आणि महिन्याचं बिल पुराच्या दराने येतं. त्यामुळे फुटबॉलवाल्यानं ही पद्धत घ्यावी, बातम्यांच्या पोर्टलनं फ्लॅट दराचा पोर्टच घ्यावा.

मोठ्या क्लाउडवर जायचा सल्ला सर्रास दिला जातो. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रिजनमधून बाहेर जाणाऱ्या डेटाचा पहिल्या १० टीबीपर्यंतचा दर जीबीमागे सुमारे ११ सेंट आहे. म्हणजे १० टीबीला अकराशे डॉलरच्या आसपास, तेही नुसत्या बँडविड्थचे. जड फाइलींच्या साईटनं तिकडं वळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सर्व्हर कुठं घ्यायचा? कोल्हापूरहून मुंबईचा डेटा सेंटर जवळ, पण भारतात बँडविड्थ महाग. जर्मनी-फिनलंडमध्ये हेट्झनरसारखे लोक डेडिकेटेड सर्व्हरला १ जीबीपीएसचा अनमीटर्ड (डेटा न मोजणारा) पोर्ट देतात, आणि त्यांच्या लिलावात जुनी यंत्रं सेटअप फीशिवाय मिळतात. अडचण अंतराची. इथून जर्मनीला जाऊन-येऊन साधारण १३० ते १६० मिलिसेकंद लागतात. नव्या वाचकाला पहिला बाइट मिळेपर्यंत टीसीपी (जोडणी), टीएलएस (जोडणी सुरक्षित करणं) आणि पानाची मागणी अशा तीन फेऱ्या होतात, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद नुसता प्रवासात. शिवाय सगळा भरवसा समुद्राखालच्या केबलवर. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबल तुटल्या तेव्हा भारत-युरोप रस्ता मंदावला होता.

म्हणून कामाची वाटणी करा. पानं मुंबईतल्या छोट्या व्हीपीएसवर (मोठ्या यंत्राचा भाड्यानं घेतलेला तुकडा). फोटो, जुने व्हिडिओ, पीडीएफ युरोपातल्या फ्लॅट दराच्या डेडिकेटेड सर्व्हरवर. आणि दोन्हींच्या पुढं सीडीएन, म्हणजे फाइलींच्या प्रती वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा. सीडीएनच्या फुकट प्लॅनवर व्हिडिओ चालतो का ते अटींमध्ये वाचा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

सीडीएन लावूनही सर्व्हरवरचा भार उतरत नाही, अशी तक्रार सतत येते. याचं नेहमीचं कारण फेसबुकच आहे. फेसबुकवरून उघडलेल्या प्रत्येक लिंकच्या शेवटी 'एफबीसीएलआयडी' नावाची शेपटी लागते, दर क्लिकला वेगळी. सीडीएनला वाटतं प्रत्येक जण नवंच पान मागतोय, आणि प्रत्येक मागणी सर्व्हरवर येऊन आदळते. कॅशेच्या नियमात ही शेपटी दुर्लक्षित करा. लाईव्हमध्ये उलटी चूक होते: व्हिडिओचे तुकडे खुशाल कॅशे करा, पण प्लेलिस्टची फाइल (पुढचा तुकडा कोणता ते सांगणारी) एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त धरली तर चित्र अडकतं.

पैसे भरायच्या आधी चाचणी घ्या. होस्टच्या 'लुकिंग ग्लास' पानावर (नेटवर्क तपासायचं पान) बहुधा १ जीबीची टेस्ट फाइल असते. ती रात्री ८ ते ११ मध्ये उतरवा. सकाळी सगळेच नेटवर्क गुणी असतात. जिओ, एअरटेल, बीएसएनएल आणि गल्लीतला केबलवाला, या सगळ्यांवरून बघा. आधी एका कनेक्शननं, मग आठ कनेक्शननं. एकानं २० एमबीपीएस आणि आठानं १५० मिळाले तर दोष अंतराचा आहे, सर्व्हरवर टीसीपीचा बीबीआर अल्गोरिदम (डेटा पाठवायचा वेग ठरवणारी पद्धत) लावला की बराच फरक पडतो. आठानंही २०च मिळाले तर पोर्ट किंवा मधला रस्ता तुंबलाय. तो होस्ट सोडा.

यंत्राबद्दल थोडक्यात. १ जीबीपीएस भरायला जुना चार कोअरचा झिऑन प्रोसेसर आणि ३२ जीबी ईसीसी (चुका आपोआप सुधारणारी) रॅम पुष्कळ झाली. एक एमबीपीएसचा दोन तासांचा सामना ९०० एमबीत बसतो, तो रॅममध्येच राहतो, डिस्कला हात लागत नाही. जुन्या व्हिडिओंची लायब्ररी मोठी असेल तर मात्र एका साटा हार्डडिस्कवर शेकडो प्रेक्षक सोडू नका. सलग वाचताना सेकंदाला १५० एमबी देणारी डिस्क, हेड इकडंतिकडं नाचायला लागलं की १०-२० एमबीवर येते. चालू महिन्याचं एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडी), बाकीचं हार्डडिस्कवर ठेवा. लिलावातला सर्व्हर हातात आला की पहिल्याच तासात डिस्कच्या तब्येतीचा 'स्मार्ट' अहवाल काढा. 'पॉवर ऑन अवर्स' ४०,००० म्हणजे डिस्क साडेचार वर्षं अखंड फिरलीय. रिअॅलोकेटेड सेक्टर (खराब झाल्यानं बदललेले भाग) शून्य नसतील तर डेटा टाकायच्या आधीच बदलून मागा. दोन डिस्क रेड १ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा) जोडा आणि इशाऱ्याचा ईमेल चालू करा, नाहीतर एक डिस्क गेल्याचं दुसरी जाईपर्यंत कळत नाही.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, आणि त्याच इमारतीतला बॅकअपही पुरेसा नव्हे. १० मार्च २०२१ ला ओव्हीएच या फ्रेंच होस्टच्या स्ट्रासबर्गमधल्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली, आणि ज्यांचा बॅकअप तिथंच होता त्यांचा तोही गेला. बॅकअप दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीकडे ठेवा. ऑफिसातच सर्व्हर ठेवू म्हणणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ आठवावं: शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, वीज बंद. अशा वेळी डिझेल कुठून आणणार?

बाहेरच्या देशातल्या होस्टच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरा. नोंदणी असेल तर रिव्हर्स चार्जनं (विकणाऱ्याऐवजी आपणच कर) भरून क्रेडिट घेता येतं, नसेल तर तो खर्चच. वर कार्डाचा परकीय चलनाचा आकार, साधारण २ ते साडेतीन टक्के. ऑटोपेवर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमांमुळे बाहेरच्या कंपन्यांची आपोआप वजावट बऱ्याचदा फसते, ईमेल स्पॅममध्ये जातो आणि सर्व्हर बंद होतो. खात्यात दोन-तीन महिन्यांचं क्रेडिट आधीच भरून ठेवा. पहिला करार महिन्याचाच करा, वर्षाची सूट कितीही गोड वाटली तरी. एका गर्दीतून सर्व्हर तरला, रात्री दोनला टाकलेल्या तिकिटाला (तक्रारीला) माणसानं उत्तर दिलं, की मग वर्षाचे पैसे भरा.