दोन गुरू, एक व्हायोलिन आणि मी

डब्लिनमध्ये मुलीला व्हायोलिन शिकवायचे असेल तर एका गुरूवर भागत नाही. मंगळवारी अर्धा तास पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिनची शिकवणी असते आणि गुरुवारी त्याच व्हायोलिनवर, त्याच गजाने आयरिश पारंपरिक संगीताची. वाद्य एकच असल्यामुळे काटकसर होईल, असे मला घरात सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात मंगळवारी बसवलेली घडी गुरुवारी मोडणे आणि गुरुवारी मोडलेली घडी मंगळवारी पुन्हा बसवणे, या दोन्ही कामांचा मोबदला मीच देतो.

मंगळवारच्या बाई रॉयल आयरिश अकॅडमी ऑफ म्युझिकच्या परीक्षांची तयारी करून घेतात. ही संस्था १८४८ सालची आहे आणि तेव्हापासूनची सगळी शिस्त बाईंच्या पाठीच्या कण्यात उतरलेली आहे. डावे मनगट वाद्याच्या मानेला टेकले, की त्यांना कोणीतरी ताटावरून मध्येच उठल्यासारखे वाटते. गुरुवारच्या गुरुजींचे मनगट मात्र मानेला कायमचे टेकलेले असते आणि स्वरलिपीचा कागद दिसला, की ते त्यावर चहाचा कप ठेवतात. तुकडा तुकडा वाजवून दाखवायचा, मुलांनी तो कानाने उचलायचा आणि उरलेले मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घरी न्यायचे, अशी त्यांची पद्धत आहे. लांब स्वर हलकेच कंपित करावा, असे बाई सांगतात. तो हलवू नये, त्याऐवजी शेजारच्या स्वरांना झटक्यात स्पर्श करून परत यावे, असे गुरुजी सांगतात. या शेजारभेटीला ते 'रोल' म्हणतात आणि आमची कन्या ती नेमकी बाईंच्या परीक्षेच्या तुकड्यात करून येते.

बरे, पारंपरिक म्हणजे सगळे एकच, असेही नाही. डोनेगल परगण्याचा गज तुटक आणि ठसठशीत, स्लायगो परगण्याचा खेळकर, तर कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या स्लीव्ह लुक्रा भागात पोल्का नाचाच्या धुना फार, अशी चक्क घराणी आहेत. गुरुजी डोनेगलचे. स्लायगोच्या मायकेल कोलमनने १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रिका केल्या आणि त्या ऐकून गावोगावचे वादक त्याच्यासारखे वाजवू लागले, याबद्दलची तक्रार ते अशा पोटतिडकीने करतात, की ती घटना मागच्याच आठवड्यात घडली असावी.

ध्वनिमुद्रणे अर्थातच गाडीत वाजतात. रील ही नाचाची धून म्हणजे आठ बारचा, म्हणजे ठेक्याच्या आठ आवर्तनांचा, एक भाग दोनदा, मग दुसरा भाग दोनदा, आणि मग सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे व्हायोलिनला कधी हातही न लावलेला मी आता कचेरीच्या लिफ्टमध्ये डोनेगलच्या वळणाने गुणगुणतो. सांगलीहून आई व्हिडिओवर नातीची प्रगती पाहते. "अरे, आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात. पोरीला एवढा वेळ उभी का ठेवतोस?" हा तिचा पहिला प्रश्न असतो. नात दोन्ही गुरूंना, इथल्या रीतीप्रमाणे, नुसत्या नावाने हाक मारते, हे कळल्यापासून आईने दुसरा प्रश्न विचारणेच सोडले आहे.

अलीकडे हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या पायपरांच्या संस्थेत आम्ही कार्यक्रमाला गेलो आणि मुलीने इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, ऐकले. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या बगलेत हवेची पिशवी, बोटे सुरावटीच्या नळीवर आणि वरून मनगटाने दाबायच्या कळा, असे हे वाद्य आहे. २०१७ साली युनेस्कोने त्याच्या वादनपरंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. सात वर्षे शिकावे, सात वर्षे सराव करावा आणि सात वर्षे वाजवावे, तेव्हा पायपर तयार होतो, असे इथले लोक मानतात. मुलीला आता हेच हवे आहे. मी एकवीस वर्षांच्या शिकवण्यांचा मनातल्या मनात गुणाकार करत होतो, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी सांगितले, की चांगल्या कारागिराकडे नाव नोंदवल्यावर वाद्य हाती यायला काही वर्षे थांबावे लागते. ते ऐकताच मी पत्नीला म्हणालो, की एवढी आवड असेल तर आपण आडकाठी करू नये, आणि त्याच रात्री मुलीचे नाव सर्वांत लांब यादी असलेल्या कारागिराकडे नोंदवून टाकले.