वेजचा फुगा फुगवून ठेवायचा नसतो

माझी धाकटी बहीण आयसीयूत स्टाफ नर्स आहे. परवा नाइट ड्यूटीवरून तिने एक फॉरवर्ड पाठवला, ‘स्वान-गॅन्झ कॅथेटरच्या पाच खात्रीशीर युक्त्या’. हे कॅथेटर म्हणजे शिरेतून हृदयामार्गे फुप्फुसाच्या धमनीपर्यंत सोडलेली, टोकाला छोटा फुगा असलेली दाब मोजायची नळी. खाली तिचा प्रश्न: “ताई, दुसरी करून बघू का?” मी उत्तर टाइप न करता फोनच लावला.

दुसरी युक्ती म्हणे, ‘फुगा फुगवलेलाच ठेवा, वेज प्रेशर सतत दिसेल.’ वेज प्रेशर म्हणजे फुग्याने धमनीची फांदी बंद केल्यावर टोकाला मोजला जाणारा दाब, त्यावरून हृदयाच्या डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज येतो. अरे, फुगलेला फुगा म्हणजे फुप्फुसाच्या धमनीच्या फांदीला मारलेलं बूच! पुढे रक्त जात नाही आणि तसाच राहिला तर फुप्फुसाचा तेवढा भाग मरतो. धमनी फाटूही शकते. क्वचितच फाटते, पण फाटली तर निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. स्वान आणि गॅन्झ यांचा 1970 चा ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधला मूळ लेख काढून बघा. टोक रक्ताच्या प्रवाहाबरोबर पुढे जावं, यासाठी तो फुगा आहे.

वेज पाहायचा दोन-तीन श्वासांपुरता. हवेची दीड मिलीची सिरिंज, अंगठा हळूहळू दाबायचा, डोळे मॉनिटरवर. धमनीच्या दाबाची उंच लहर खाली बसून सपाट झाली की तिथेच थांबायचं, श्वास सोडून संपतानाचा आकडा घ्यायचा आणि सिरिंज काढून हवा आपोआप जाऊ द्यायची. पाऊण मिलीतच लहर बसली, तर टोक फार आत गेलंय. हवा सोडा, डॉक्टरांना बोलवा. फुगा फुगलेला असताना कॅथेटर मागे ओढायचं नाही, कधीच नाही.

पहिली युक्ती, ‘सगळ्यांना 50 सेंमी’, म्हणजे नळी तेवढीच आत घालायची. मानेच्या उजव्या शिरेतून घातलं तर साधारण 45 ते 55 सेंमीवर वेज मिळतो, जांघेतून घातलं तर हिशेबच वेगळा. तिसरी, ‘एक्स-रे एकदाच पुरे’. अंगाच्या उबेने नळी मऊ होते आणि पुढे सरकते, म्हणून लहर सतत बघावी लागते. चौथी, ‘हवेऐवजी सलाइन भरा’. पाणी परत निघालं नाही तर फुगा रिकामा कसा करणार?

पाचवीत थोडं तथ्य आहे, ते मानते. ती म्हणते, वेजऐवजी धमनीचं डायस्टोलिक प्रेशर (हृदय सैल पडतानाचा दाब) बघा, आणि ते पुष्कळदा चालतं. पण फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा रोध वाढलेला असेल तर दोन्ही आकड्यांत मोठी तफावत पडते, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं तेच गाळलंय.

फोन चालू असतानाच बहीण बेडजवळ गेली. फुगा रिकामा होता, मॉनिटरवर धमनीची लहर स्वच्छ दिसत होती.